बॉट एकाच विनंतीला दोनतीनदा उत्तर देतो: वेबहुक, पोचपावती आणि बॉटची स्मरणशक्ती

अर्धविराम (धागाकर्ती)

आमच्या अभ्यासगटासाठी मी टेलिग्रामवर एक बॉट लिहिला आहे. सदस्य हस्तलिखित टिपणांची छायाचित्रे पाठवतात, बॉट आधी त्यांना शीर्षक विचारतो, मग पाने गोळा करतो आणि शेवटी त्यांची एक पीडीएफ करून परत देतो. पायथन-टेलिग्राम-बॉट ही लायब्ररी वापरली असून माझ्या लॅपटॉपवर लाँग पोलिंगने, म्हणजे नवे काही आले का हे टेलिग्रामला स्वतः विचारत राहण्याच्या पद्धतीने, हा बॉट तीन आठवडे विनातक्रार चालला. लॅपटॉप सतत चालू ठेवणे शक्य नसल्याने मागच्या आठवड्यात तो एका भाड्याच्या सर्व्हरवर हलवला आणि वेबहुक लावला (म्हणजे नवे काही आले की टेलिग्रामच आपल्या पत्त्यावर विनंती पाठवते), तेव्हापासून मात्र तीन प्रकार घडत आहेत. पाने थोडी असली तर सगळे ठीक चालते, पण तीसचाळीस पाने झाली की तीच पीडीएफ दोनदा आणि कधी तीनदाही येते. दुसरे असे की, शीर्षक सांगून झाल्यावरही बॉट मध्येच ते पुन्हा विचारतो, जणू आधीचे बोलणे झालेच नव्हते. आणि काही दुरुस्ती तपासण्यासाठी लॅपटॉपवर तोच बॉट सुरू केला, की ४०९ क्रमांकाची चूक दाखवून तो बंद पडतो. लायब्ररीचे दस्तऐवज दोनदा वाचले, पण या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे की वेगवेगळे, हेही मला ठरवता आलेले नाही.

जुनी_रांग

अंदाज बांधण्याआधी दोन गोष्टी हव्या आहेत. टेलिग्रामच्या बॉट एपीआयमध्ये ‘गेटवेबहुकइन्फो’ नावाची एक विनंती आहे. ती ब्राउझरमधूनही करता येते. तिच्या उत्तरात थकलेल्या अपडेट्सची, म्हणजे बॉटकडे अजून न पोचलेल्या संदेशादी घटनांची, संख्या आणि शेवटच्या चुकीचा मजकूर मिळतो, तो इथे द्या, मात्र पत्त्यातले टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, देऊ नका. शिवाय वेबहुकची विनंती आपल्याकडे नेमकी कोण स्वीकारते, लायब्ररीचा स्वतःचा सर्व्हर की आपण लिहिलेला, तेही सांगा.

अर्धविराम

थकलेली अपडेट्स ७ आहेत आणि शेवटच्या चुकीचा मजकूर ‘रीड टाइमआउट एक्सपायर्ड’ असा आहे. विनंती स्वीकारणारा भाग मी फ्लास्क या पायथनच्या वेब-लायब्ररीत लिहिला आहे, कारण त्याच सर्व्हरवर गटाचे एक छोटे संकेतस्थळही आहे. तो गनिकॉर्न या सर्व्हरखाली चार वर्करवर, म्हणजे चार स्वतंत्र प्रक्रियांवर, चालतो. अपडेट आले की हँडलर, म्हणजे ते हाताळणारे फंक्शन, चालतो, पीडीएफ तयार होऊन पाठवली जाते आणि त्यानंतर २०० हे उत्तर परत जाते. चाळीस पानांना एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक पान सरळ करून त्याचा उजेड सुधारण्याचे कामही मी त्यातच घातले आहे.

जुनी_रांग

मग मूळ स्पष्ट आहे. वेबहुकला आपण दिलेले २०० हे उत्तर म्हणजे निव्वळ पोचपावती आहे. पत्र मिळाले एवढेच तिचा अर्थ, पत्रात सांगितलेले काम झाले असा नव्हे. आपण काम संपेपर्यंत पोचपावती अडवून धरता, पलीकडची बाजू ठरावीक वेळ वाट पाहते, पावती आली नाही म्हणून पत्र गहाळ झाले असे समजते आणि तेच अपडेट पुन्हा पाठवते. दरम्यान आपला पहिला वर्कर शांतपणे पीडीएफ करतच असतो, कारण पलीकडच्याने जोडणी सोडून दिल्याचे त्याला ठाऊकच नसते. दुसरा वर्कर दुसरी प्रत करू लागतो. पाने थोडी असताना हे घडत नाही, याचे कारणही तेच.

ही टेलिग्रामची लहर आहे असे समजू नका, बहुतेक मंच असेच वागतात आणि काही तर फारच कमी सवड देतात. स्लॅकच्या इव्हेंट्स एपीआयमध्ये ३ सेकंदांच्या आत पोचपावती द्यावी लागते. ती मिळाली नाही तर तोच इव्हेंट जवळजवळ लगेच, मग सुमारे एका मिनिटाने आणि मग पाच मिनिटांनी असा तीन वेळा पुन्हा येतो, आणि हा कितवा प्रयत्न आहे हे एका हेडरमध्ये लिहिलेले असते. स्लॅकच्या बोल्ट या एसडीकेमध्ये म्हणूनच ‘अ‍ॅक’ नावाचे वेगळे फंक्शन हँडलरच्या हाती दिलेले असते. नवखे लोक ते हँडलरच्या शेवटच्या ओळीत लिहितात, खरे तर त्याची जागा पहिल्या ओळीत आहे. डिस्कॉर्डच्या इंटरॅक्शनलाही ३ सेकंदांत पहिले उत्तर हवे असते, पण तिथे ‘विचार करतो आहे’ अशा अर्थाचे तात्पुरते उत्तर देण्याची सोय आहे, आणि ते दिले की त्याच टोकनवर १५ मिनिटांपर्यंत खरे उत्तर पाठवता येते.

आपल्याला करावयाचे काम दोन टप्प्यांचे आहे. विनंती आली की अपडेट जसेच्या तसे डेटाबेसमध्ये नोंदवावे, लगेच २०० द्यावे आणि पीडीएफचे काम एका वेगळ्या प्रक्रियेने त्या नोंदींच्या रांगेतून उचलावे. नोंद आधी आणि पोचपावती नंतर हा क्रम उलटू देऊ नका. पावती देऊन नोंद करण्याआधीच प्रक्रिया कोसळली, तर ते अपडेट कायमचे गेले, ते पुन्हा पाठवण्याचे पलीकडच्याला आता काहीच कारण उरत नाही. दुसरा टप्पा असा की, प्रत्येक अपडेटला जो ‘अपडेट आयडी’ असतो त्यावर तक्त्यात अनन्यतेचे बंधन घालावे, म्हणजे तेच अपडेट पुन्हा आले तर नोंदच होणार नाही आणि तरीही आपण २०० देऊन मोकळे होऊ. ‘आधी शोधावे, नसेल तर घालावे’ असे दोन पायऱ्यांत मात्र लिहू नये. चार वर्करपैकी दोघांनी एकाच क्षणी शोधले तर दोघांनाही ते सापडणार नाही. तो निर्णय डेटाबेसच्या बंधनावर सोडावा.

एक गोष्ट आपल्या लायब्ररीच्या बाजूने सांगायला हवी. तिचा स्वतःचा वेबहुक सर्व्हर वापरला असता, तर तो अपडेट अंतर्गत रांगेत टाकून लगेच उत्तर देतो, त्यामुळे हा प्रश्न दिसलाच नसता. अर्थात ती रांग स्मृतीत असते आणि सर्व्हर बंद झाला की तीही जाते, म्हणजे प्रश्न सुटला नसता, दुसऱ्या जागी गेला असता.

खटपट्या

वरचे सगळे बरोबर आहे, पण मला मूळ निर्णयावरच आक्षेप आहे. एका अभ्यासगटाच्या बॉटला वेबहुक हवाच कशाला? लाँग पोलिंग लॅपटॉपवर जसे चालते तसेच सर्व्हरवरही चालते. त्यासाठी सार्वजनिक पत्ता लागत नाही, एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र लागत नाही आणि ४४३, ८०, ८८ किंवा ८४४३ यांपैकीच एका पोर्टवर ऐकण्याची अटही उरत नाही. बॉट काही तास बंद राहिला तरी टेलिग्राम अपडेट्स २४ तासांपर्यंत सांभाळून ठेवते. वेबहुक ही खूप रहदारीच्या बॉटची गरज आहे. शिकवण्या वाचून लहान बॉटवाले ती विनाकारण ओढवून घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी_रांग

लहान बॉटसाठी पोलिंग पुरेसे आहे, हे मान्य. पण पोलिंगने पोचपावतीचा प्रश्न सुटतो, हे मान्य नाही. पोलिंगच्या ‘गेटअपडेट्स’ या विनंतीला आपण जो ऑफसेट, म्हणजे कुठल्या क्रमांकापासून पुढची अपडेट्स हवीत तो आकडा, देतो तीच तिथली पोचपावती आहे, त्याहून कमी क्रमांकाची सगळी अपडेट्स पोचली असे टेलिग्राम त्यावरून समजते. लायब्ररीने काम पूर्ण होण्याआधी ऑफसेट पुढे सरकवला आणि मध्येच वीज गेली, तर अपडेट हरवते. काम झाल्यावर सरकवला आणि त्याआधीच वीज गेली, तर ते दुसऱ्यांदा येते. मार्ग कोणताही घेतला तरी दोन्हींपैकी एक धोका पत्करावाच लागतो. फरक इतकाच, की पोलिंगमध्ये तो कमी वेळा समोर येतो आणि म्हणून उशिरा कळतो.

धागाकर्तीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. वेबहुक लावलेला असताना त्याच टोकनवर पोलिंग करता येत नाही, आणि एकाच टोकनवर दोन ठिकाणांहून पोलिंग केले तरी तीच ४०९ची चूक येते. तपासणीसाठी बॉटफादरकडून, म्हणजे नवे बॉट नोंदवून देणाऱ्या टेलिग्रामच्याच बॉटकडून, दुसरा बॉट घ्यावा, त्याला काही खर्च नाही. शिवाय पोलिंगचा पर्याय सगळीकडे मिळेल असे धरून चालू नका. स्लॅकमध्ये सॉकेट मोड आहे, डिस्कॉर्डचे गेटवे तर वेबसॉकेटवरच, म्हणजे बॉटने स्वतः उघडून ठेवलेल्या जोडणीवरच, चालते, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लाउड एपीआयमध्ये येणारे संदेश वेबहुकनेच मिळतात.

अर्धविराम

पहिला आणि तिसरा प्रश्न उलगडला, आभार. दुसऱ्याचे मूळ मला आता थोडे दिसू लागले आहे. कोणता सदस्य कोणत्या पायरीवर आहे हे मी एका डिक्शनरीत, म्हणजे प्रोग्रामच्या स्मृतीतल्या तक्त्यात, ठेवते. वर्कर चार आहेत म्हणजे डिक्शनऱ्याही चार आहेत, असेच ना?

जुनी_रांग

अगदी तसेच. शीर्षक पहिल्या वर्करने ऐकले, पुढचे छायाचित्र तिसऱ्याकडे गेले, आणि त्याच्या लेखी ही व्यक्ती आताच आली आहे. संवादाची स्थिती डेटाबेसमध्येच ठेवावी. लायब्ररीत स्थिती फाइलमध्ये जपण्याची सोय आहे, पण ती एका प्रक्रियेपुरती ठीक. चार प्रक्रिया एकच फाइल लिहू लागल्या की शेवटी लिहिणाऱ्याचे खरे ठरते.

ही स्थिती कोणत्या किल्लीने साठवायची याचाही विचार आताच करा. नुसता चॅटचा आयडी घेतला तर गटात दोन सदस्य एकाच वेळी पाने पाठवू लागताच एकाची पाने दुसऱ्याच्या शीर्षकाखाली जातील, म्हणून चॅट आणि व्यक्ती अशी जोडकिल्ली घ्यावी. स्तंभ ६४ बिटांचा असावा, कारण हे आयडी ३२ बिटांत मावतीलच असे नाही. साधा गट सुपरग्रुप झाला की त्याचा चॅट आयडी बदलतो. त्या वेळी जुना आणि नवा आयडी सांगणारा एक सेवा-संदेश येतो आणि बहुतेक बॉट तो वाचतच नाहीत. गट मोठा झाला आणि बॉट मुका झाला, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

वेलांटी

विषय थोडा बाजूचा आहे, पण मराठीत बोलणारा बॉट लिहिणाऱ्यांना तो हमखास आडवा येतो. टेलिग्राममध्ये संदेशाखालच्या बटनासोबत जो कॉलबॅक डेटा जातो त्याची मर्यादा ६४ बाइटची आहे, ६४ अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘रद्द करा’ हे २२ बाइटांत मावते, पण ‘सगळी पाने एकत्र करून पाठवा’ याचे ७० बाइट होतात आणि बटनाचा डेटा अवैध असल्याची चूक येते. बटनावरचा मजकूर खुशाल मराठी ठेवावा, त्यामागचा डेटा मात्र रोमन लिपीतल्या दोनचार अक्षरांचा संकेत असावा. बॉटच्या आज्ञांनाही हाच नियम आहे. तिरक्या रेघेनंतर लहान रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते, मराठी आज्ञा नोंदवता येत नाही.

संदेशाची कमाल लांबी ४०९६ आहे. मोठा मजकूर तोडताना ४०९६व्या जागी सरळ कात्री लावली, तर अक्षर एका संदेशात आणि त्याची मात्रा दुसऱ्या संदेशाच्या सुरुवातीला अशी विचित्र अवस्था होते, म्हणून परिच्छेदावर किंवा निदान मोकळ्या जागेवर तोडावे. ठळक किंवा तिरप्या मजकुराच्या जागा यूटीएफ-१६च्या एककांत मोजल्या जातात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे एकच एकक घेते, पण बहुतेक इमोजी दोन घेतात. पायथन मात्र दोन्हींना एकच मोजते, त्यामुळे आधी एक हसरा चेहरा आला की पुढचा सगळा ठळकपणा एका घराने सरकतो.

सदस्यांनी टंकलेल्या शब्दांची तुलना करताना ‘ऱ्य’पासून सावध राहावे. कोणाचा कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, कोणाचा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना ‘दऱ्या’ दोन्हीकडे सारखाच दिसतो, यंत्राला ते दोन शब्द वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी ही जोडी एक होत नाही. तो बदल स्वतःच करून घ्यावा लागतो. आकड्यांच्या बाबतीत पायथन दयाळू आहे, ‘१२’ असे देवनागरीत लिहिले तरी त्याची संख्या करून देते. जावास्क्रिप्टमध्ये तेच ‘संख्या नाही’ असे ठरते.

अर्धविराम

‘सगळी पाने एकत्र करून पाठवा’ हे उदाहरण आपण माझ्या कोडमध्ये डोकावून घेतल्यासारखे आहे. माझ्या बटनाचा मजकूर जवळपास हाच होता, आणि ते बटन चालत नाही म्हणून मी शेवटी साधी आज्ञा ठेवली होती.

कुलूपकिल्ली

आपला फ्लास्कचा पत्ता कोणालाही उघडा आहे, म्हणून एक गोष्ट तातडीने करा. वेबहुक नोंदवताना ‘सीक्रेट टोकन’ देता येते. ते दिले की टेलिग्राम प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये तेच परत पाठवते, आणि ते जुळले नाही तर विनंती तिथेच नाकारावी. अन्यथा पत्ता ठाऊक असलेला कोणीही खोटे अपडेट तयार करून सदस्याच्या नावाने बॉटशी बोलू शकतो. स्लॅकमध्ये हेच काम सहीने होते. वेळ आणि विनंतीचा मूळ मजकूर एकत्र करून त्यावर गुप्त किल्लीने एचएमएसी-एसएचए-२५६ हा पडताळणीचा संकेत काढायचा असतो, आणि पाच मिनिटांहून जुनी विनंती नाकारायची असते. इथे मूळ मजकूर म्हणजे खरोखर आलेले बाइट. जेसन वाचून ते पुन्हा लिहिले तर मोकळ्या जागा बदलतात, सही जुळत नाही, आणि मग कंटाळून लोक सहीची तपासणीच काढून टाकतात. असे झालेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

बॉटचे टोकन टेलिग्रामच्या प्रत्येक विनंतीच्या पत्त्यातच असते, हेही लक्षात असू द्या. आपली लायब्ररी विसाव्या आवृत्तीपासून आत एचटीटीपीएक्स ही विनंत्या पाठवणारी लायब्ररी वापरते, आणि लॉगची पातळी ‘इन्फो’ असेल तर प्रत्येक विनंतीचा संपूर्ण पत्ता, अर्थात टोकनसह, लॉगमध्ये लिहिला जातो. त्या लॉगरची पातळी ‘वॉर्निंग’वर न्यावी. लॉग आधीच कोणाला दाखवून झाला असेल, तर बॉटफादरकडे जाऊन जुने टोकन रद्द करावे आणि नवे घ्यावे.

खटपट्या

एक शंका विचारतो. गटातले काही जण टेलिग्रामवर नाहीत. सगळ्या मंचांवर चालेल असा एकच सामाईक थर आधी लिहून घेतला, तर पुढचे श्रम वाचतील का?

जुनी_रांग

अर्धेच वाचतील. पाने गोळा करणे, पीडीएफ करणे, कोण कोणत्या पायरीवर आहे हे जपणे, या भागाला मंचाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, तो वेगळा काढावा. पण ‘संदेश पाठव’ हे सगळीकडे सारखेच काम आहे असे समजून त्यावर एकच झाकण घातले, की प्रत्येक मंचाची अट त्याखाली दडपली जाते आणि भलत्या वेळी बाहेर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर सदस्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांपर्यंतच मोकळा मजकूर पाठवता येतो, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच वापरावा लागतो. डिस्कॉर्डचा संदेश सर्वसाधारणपणे २००० अक्षरांत संपवावा लागतो. टेलिग्रामवर एका चॅटमध्ये सेकंदाला एकापेक्षा अधिक आणि एका गटात मिनिटाला वीसपेक्षा अधिक संदेश पाठवू नयेत असा संकेत आहे. तो मोडला की ४२९ क्रमांकाची चूक येते आणि किती सेकंद थांबावे हेही त्यासोबत सांगितलेले असते. तेवढे थांबावे, आपल्या मनाने दर सेकंदाला पुन्हा धडका देऊ नयेत. माझा सल्ला विचाराल तर दुसरा मंच प्रत्यक्ष हाती घेईपर्यंत सामाईक थर लिहूच नये.

अर्धविराम

चार दिवसांनी परत येत आहे. अपडेटचा तक्ता केला, अपडेट आयडीवर अनन्यतेचे बंधन घातले, पीडीएफचे काम वेगळ्या प्रक्रियेकडे दिले, संवादाची स्थिती डेटाबेसमध्ये नेली आणि सीक्रेट टोकनही लावले. पोलिंगकडे परत जाण्याचा मोह झाला होता, पण संकेतस्थळामुळे प्रमाणपत्र आणि पत्ता आधीच आहेत, म्हणून वेबहुकच ठेवला. मोठ्या पीडीएफ आता एकदाच येतात. बंधनामुळे नाकारलेल्या नोंदी मोजल्या तर पहिल्या दिवशी एकही अपडेट दुसऱ्यांदा आलेले नव्हते, म्हणजे पोचपावती वेळेवर जाऊ लागताच ते पुन्हा पाठवण्याचे कारणच संपले.

दोन नव्या गोष्टी मात्र सापडल्या. सदस्य दहा छायाचित्रे एकदम पाठवतात तेव्हा ती एक संदेश म्हणून न येता दहा स्वतंत्र संदेश म्हणून येतात. त्यांचा संचक्रमांक सारखा असतो, पण संच संपल्याची खूण कुठेच नसते, आणि माझ्याकडे ती समांतर नोंदली जात असल्याने पानांचा क्रम बिघडत होता. आता शेवटच्या छायाचित्रानंतर दोन सेकंद वाट पाहते आणि संदेशाच्या क्रमांकानुसार पाने लावते. दुसरी गोष्ट, मी फाइलच्या डाउनलोडचे दुवे साठवून ठेवत होते. त्यांची हमी एक तासाचीच आहे हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे सकाळी पाने पाठवून रात्री पीडीएफ मागणाऱ्यांना चूक दिसत असे. आता फाइल आयडी ठेवते आणि पीडीएफ करताना नवा दुवा मागून घेते.

एक कोपरा राहिला आहे. पीडीएफ पाठवली गेली आणि ‘पाठवली’ अशी नोंद होण्याआधी प्रक्रिया बंद पडली, तर पुन्हा सुरू झाल्यावर ती दुसऱ्यांदा पाठवते. एकदा हे प्रत्यक्ष घडले. हे पूर्णपणे टाळता येते का?

जुनी_रांग

नाही. पाठवणे पलीकडच्या सर्व्हरवर घडते आणि नोंद आपल्या डेटाबेसमध्ये होते. या दोन घटना एका व्यवहारात बांधता येत नाहीत, आणि ‘ही विनंती आधी आली होती’ हे ओळखण्यासाठी आपला क्रमांक सोबत देण्याची सोय टेलिग्रामच्या संदेश पाठवण्यात नाही. तेव्हा कोणती चूक परवडते तेवढे ठरवायचे. आपल्या बॉटमध्ये पीडीएफ दोनदा आली तर सदस्य हसेल, आलीच नाही तर चाळीस पाने पुन्हा पाठवावी लागतील, म्हणून पुन्हा पाठवण्याच्या बाजूने झुकावे. पीडीएफ पाठवल्यावर जे उत्तर येते त्यात त्या फाइलचा आयडी असतो, तोही साठवून ठेवा. कोणी ‘पुन्हा पाठव’ म्हणाले तर पाने जोडत बसण्याची गरज पडणार नाही, तोच आयडी देऊन फाइल तत्काळ जाईल.

अर्धविराम

तो स्तंभ आत्ताच वाढवला.